राज्यातली तोडफोड आणि एन.सी.चं रजिस्टर: पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२२मध्ये देशभरातल्या गुन्ह्यांचा २०२१ सालचा अहवाल आला. वीस लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत लाखामागे सर्वांत कमी दखलपात्र गुन्हे (म्हणजे पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येतो असे) कोलकात्यात होते, १०३.४. त्याखालोखाल पुणे, २५६.८. ‘देशातलं दुसरं सुरक्षित शहर’ म्हणून बातम्या झळकल्या. त्यानंतर चारच महिन्यांनी, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, याच पुण्यातल्या कोयता गँगवरून, म्हणजे कोयते घेऊन गाड्या फोडत दहशत माजवणाऱ्या टोळक्यांवरून, सरकारला जाब विचारला जात होता.

यात अहवाल खोटा होता असं कुणी म्हणत नाही. फक्त त्यात काय मोजलं जातं आणि काय नाही, हे पाहिलं पाहिजे. दर काढताना शहरांची लोकसंख्या अजून २०११च्या जनगणनेचीच धरतात, ही एक गोची आहेच; पण ती सगळ्याच शहरांची आहे. खरी मेख दुसरीकडे आहे. हे आकडे दखलपात्र गुन्ह्यांचे असतात, आणि रात्री कुणाच्या गाडीची काच फोडणं हा नुसता तेवढाच प्रकार असेल, तर तो कायद्याने दखलपात्र नव्हता.

जुन्या दंड संहितेचं कलम ४२७ पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त नुकसानीसाठी होतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. हा पन्नासचा आकडा १८६० सालचा, आणि तो २०२४पर्यंत कुणी बदलला नाही. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. पहाटे दोन वाजता सात-आठ पोरं दुचाकींवरून येतात, रांगेत लावलेल्या गाड्यांवर कोयते आपटत जातात, आरसे तोडतात, रिक्षांचे टप फाडतात. सकाळी मालक चौकीत जातो. तिथे त्याच्या हाती एन.सी.ची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, प्रत पडते, सोबत ‘न्यायालयात दाद मागावी’ अशी समज. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. पुढे विम्याचा प्रश्न येतो. दुचाकीचा विमा बहुधा फक्त थर्ड पार्टी असतो, त्यात तोडफोडीचा पैसा मिळत नाही. काच स्वतःच्या खिशातून बसवायची.

मग ‘एन.सी. की गुन्हा’ हे ठरवायचं कुणी? गेल्या पंधरा-वीस वर्षांतला सगळा वाद इथेच घुटमळतो. कायद्यात एक वाट होती: घटनेत एक जरी दखलपात्र कलम लागलं, तर सगळंच प्रकरण दखलपात्र धरायचं. म्हणजे टोळक्यात पाच किंवा जास्त जण असतील तर बेकायदा जमाव आणि दंगल, हातात कोयता असेल तर शस्त्र अधिनियम, दुकानं दहशतीने बंद पाडली असतील तर क्रिमिनल लॉ अमेंडमेंट कायद्याचं कलम ७. ठाण्यातल्या अधिकाऱ्याने हे लावायचं ठरवलं की त्याच फुटक्या काचांचा गुन्हा होतो, अटक होते, आरोपी कोर्टात उभा राहतो. नाही ठरवलं तर रजिस्टरमध्ये एक ओळ.

आकड्यांच्या दृष्टीने पुढची गंमत अशी, की गुन्हा नोंदला तरी तोडफोड मोजली जाईलच असं नाही. एका घटनेतला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा अहवालात धरण्याची पद्धत आहे. गाड्या फोडता फोडता कुणावर वार झाला असेल तर घटना खुनाच्या प्रयत्नात जमा, आणि वीस गाड्यांच्या काचा कुठल्याच रकान्यात नाहीत. त्यामुळे राज्यातल्या दोन जिल्ह्यांची, किंवा एकाच शहरातल्या दोन वस्त्यांची, या आकड्यांवरून तुलना करायला गेलं की उलटंच निघतं. जो अधिकारी धडाडीने गुन्हे नोंदवतो त्याची हद्द बदनाम, आणि एन.सी.वर भागवणाऱ्याची हद्द शांत. बदल्या-बढत्यांच्या वेळी कुठला आकडा सोयीचा, हे वेगळं सांगायला नको.

जाळपोळीचं तसं नव्हतं. जून २०१५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत एका रात्रीत डझनावारी गाड्या जाळल्या गेल्या, तेव्हा नोंदणीचा घोळ व्हायचं कारणच नव्हतं; आग लावून नुकसान करणं पहिल्यापासून दखलपात्र. म्हणून जाळलेली गाडी आकड्यात दिसते आणि फोडलेली दिसत नाही.

कुणाची मालमत्ता आहे यावरही बरंच ठरतं. सार्वजनिक मालमत्तेसाठी १९८४चा केंद्रीय कायदा आहे, एसटीची बस फोडली की पाच वर्षांपर्यंत कैद. ३० जुलै २००३च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने २००४मध्ये दोन मोठ्या पक्षांना प्रत्येकी २० लाखांचा दंड केला, तेव्हा बराच गाजावाजा झाला. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात खासगी मालमत्तेचाही विचार होता, पण तो आंदोलनं आणि दंगलींच्या संदर्भात. २०१०मध्ये राज्याने रुग्णालयांसाठी वेगळा कायदा केला: दखलपात्र, अजामीनपात्र आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. २०१७मध्ये विधिमंडळाने पत्रकार आणि माध्यमसंस्थांसाठी असाच कायदा मंजूर केला. दवाखान्याची काच, वृत्तपत्राच्या कचेरीची काच, बसची काच, सगळ्यांना वाली मिळाला. बाहेर उभ्या असलेल्या रिक्षाची काच तेवढी राहिली. संघटित गट मागणी करतात आणि वस्ती मागणी करत नाही, यापलीकडे मला तरी याचं कारण दिसत नाही.

या टोळक्यांत अल्पवयीन मुलं असतात, तिथे आणखी एक गाळणी लागते. २०१६च्या बाल न्याय नियमांप्रमाणे गुन्हा घृणास्पद वर्गातला, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा, नसेल आणि सोबत कुणी सज्ञान नसेल, तर विधिसंघर्षग्रस्त बालकावर, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलावर, एफआयआर करायचाच नाही. स्टेशन डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल. मुलांच्या दृष्टीने नियम योग्यच आहे, गुन्ह्यांच्या दराच्या दृष्टीने मात्र घटना झालीच नाही. पुढे संशयितांना त्याच वस्तीतून पायी फिरवण्याचा प्रकार सुरू झाला, त्याला लोकांनी टाळ्याही वाजवल्या. धिंड काढायला कलम लागत नाही, आणि तिची मोजदादही होत नाही.

१ जुलै २०२४पासून जुन्या दंड संहितेच्या जागी नवी न्याय संहिता आली. आता कलम ३२४. साध्या नुकसानीला सहा महिन्यांपर्यंत कैद, २० हजार ते एक लाखाच्या आतल्या नुकसानीला दोन वर्षं, एक लाख किंवा वर गेलं तर पाच वर्षं. यातलं लाखावरचं दखलपात्र, त्याखालचं पुन्हा अदखलपात्रच. साध्या मोटारीची पुढची काच बदलायला काही हजार लागतात. एकट्या मालकाची तक्रार त्यामुळे सर्वांत खालच्या पायरीवर येते, जिथे पूर्वी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती तिथे आता सहा महिने. एकाच रात्री, एकाच टोळीने फोडलेल्या तीस गाड्यांचं नुकसान एकत्र धरलं तर मात्र लाखाचा टप्पा सहज ओलांडला जातो. एकत्र धरायचं की मालकागणिक, हे ठरवणारा अधिकारी पूर्वीचाच. सोबतच्या नव्या प्रक्रिया संहितेत एक कलम मात्र कामाचं आहे: अदखलपात्र नोंदींचा डायरी अहवाल दर पंधरा दिवसांनी दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा. वस्तीनिहाय तोडफोड खरोखर मोजायची असेल, तर वार्षिक अहवालाच्या आधी ही पंधरवड्याची कागदं कुणीतरी एकत्र लावायला हवीत.