टाकी हीच बॅटरी

वीज न पोहोचलेल्या दूरच्या छावणीत सौर पाणीपुरवठा उभारायचा म्हटलं, की पहिली चर्चा बॅटरीची सुरू होते. रात्री पाणी लागलं तर? ढग आले तर? माझं मत स्पष्ट आहे: पाण्यासाठी बॅटरी घेऊ नका, टाकी मोठी घ्या. बॅटरी वर्षागणिक कमजोर होते, उष्ण हवेत तर आणखी लवकर. टाकीत चढवलेलं पाणी चढलेलंच राहतं आणि रात्री नळाला यायला त्याला वीज लागत नाही. दोन-तीन दिवसांचा साठा असला, की ढगाळ दिवसाची धास्ती उरत नाही.

पाणी उचलायला ऊर्जा किती कमी लागते, हे हिशेब मांडल्याशिवाय पटत नाही. हजार लिटर पाणी एक मीटर वर न्यायला सुमारे २.७ वॉट-तास पुरतात. आपत्कालीन मदतकार्यातली ‘स्फिअर’ मानकं माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरतात. म्हणजे ५०० माणसांना ७,५०० लिटर. बोअरमधल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत ४० मीटर चढ असेल, तर लागतात जेमतेम ८०० वॉट-तास. पंप, मोटर आणि पाइपातल्या घर्षणात निम्म्याहून जास्त ऊर्जा जाते असं धरलं, तरी दिवसाला दोन युनिट! पाच तास चांगलं ऊन मिळत असेल, तर ६०० वॉटची पॅनेल हे काम करतात. थोडी जास्तीची क्षमता हवीच, कारण धूळ बसते आणि पॅनेल तापतात. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. ६० अंशांना तापलेलं पॅनेल सातवा हिस्सा गमावून बसतं.

खरी गंमत सकाळी दिसते. ऊन कोवळं असतं, पाइपला हात लावला तर थरथर जाणवते, पण टाकीत थेंब पडत नाही. पंप जळाला म्हणून धावपळ होते. बिघाड काहीच नसतो; कोवळ्या उन्हात पंप सावकाश फिरतो, एवढंच. नेहमीचा सेंट्रिफ्यूगल पंप, म्हणजे फिरत्या पात्यांनी पाणी बाहेर फेकणारा, पाणी किती उंच नेईल, हे वेगाच्या वर्गावर ठरतं: वेग निम्मा झाला की उंची पाव होते. पूर्ण वेगात ५० मीटरपर्यंत दाब देणारा पंप ८० टक्के वेगात ३२ मीटरवरच अडतो, आणि टाकी तर ४० वर. ऊन चढेपर्यंत पाणी पाइपातच अडकून राहतं. मळसूत्री रोटरच्या पंपाचं तसं नाही. तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक पाणी पुढे ढकलतो, त्यामुळे कोवळ्या उन्हातही थोडं का होईना, पाणी चढतं. खोल बोअर आणि कमी उपसा असेल तिथे मी तोच निवडेन.

पाइपात काटकसर मात्र करू नये. व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षण सुमारे तीसपट होतं.

क्लोरीन टाकीतच मिसळावं, म्हणजे जंतू मरायला लागणारा अर्धा तास तिथेच मिळतो. नळाशी लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसायला हवं.

एक काळजी मला सतत वाटते. डिझेल पंपाला इंधनखर्चाचा लगाम असतो. सौरपंप फुकट चालतो, म्हणून दिवसभर चालूच ठेवला जातो आणि बोअरची पातळी गुपचूप खाली जाते. टाकी भरताच पंप थांबवणारा फ्लोट स्विच, बोअर कोरडी पडल्यास मोटर वाचवणारा सेन्सर आणि उपशाचं मीटर या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी बसवाव्यात. शिवाय दर आठवड्याला, पहाटे पंप सुरू होण्याआधी, बोअरमधल्या पाण्याची पातळी मोजून वहीत लिहावी.