गोंदण कोण धरून ठेवतं?

हाइनरिख क्योबनर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाकडे १८७०च्या दशकात सोरायसिसचा, म्हणजे अंगावर खपल्यांचे चट्टे उठणाऱ्या त्वचारोगाचा, एक रुग्ण होता. त्याला घोडा चावला होता. जखम भरली, पण चाव्याच्या जागी सोरायसिसचा चट्टा उठला. या रुग्णाने अंगावर गोंदवूनही घेतलं होतं, आणि तिथेही तीच तऱ्हा. घोड्याचा दात काय नि गोंदणाची सुई काय, त्या कातडीला दोन्ही सारखेच. इजा झालेल्या निरोगी त्वचेवर मूळचा आजार उगवण्याच्या या प्रकाराला आजही क्योबनर यांचंच नाव आहे.

हे सगळं मी वाचलं ते भाचीमुळे. तिला दहा वर्षांपासून सोरायसिस आहे. "मावशी, टॅटू काढला तर चालेल का गं?" असं तिने विचारलं, तेव्हा मी शहाण्यासारखं डॉक्टरांकडे बोट दाखवलं आणि सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी डिझाइन बघितलंच नाही. एवढंच विचारलं, "गेल्या वर्षभरात कुठे खरचटलं, भाजलं होतं का?" भाचीने सलवार वर करून पोटरी दाखवली. स्कूटरच्या सायलेन्सरने भाजलेलं. डाग लंबगोल होता आणि त्याच आकारात, अगदी कडेला कड लावून, चंदेरी खपल्यांचा चट्टा बसला होता. बाकी पोटरी स्वच्छ. दोनशे पानांच्या पुस्तकातून कळलं नसतं ते त्या एका पोटरीने सांगितलं.

सोरायसिस असलेल्या साधारण चारातल्या एकाला असं होतं. बहुधा इजेनंतर दोन-तीन आठवड्यांत दिसतं, कधी फार उशिरा. कोड आणि लायकेन प्लॅनस (खाजऱ्या, जांभळट पुटकुळ्यांचा त्वचारोग) या आजारांतही हीच खोड आहे. टॅटूचं यंत्र तर मिनिटाला शेकडो, कधी हजारो वेळा टोचतं. म्हणजे ठरवून, रेघ आखून केलेली इजाच.

पण मुळात टॅटू टिकतो कसा? आपली वरची त्वचा महिन्याभरात झडून नवी येते. शाई त्याखालच्या थरात, साधारण एक-दोन मिलिमीटर खोल जाते. शरीराच्या दृष्टीने ती घुसखोर. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी धावत येतात, रंगाचे कण गिळतात आणि अडकतात, कारण ते कण त्यांना पचतच नाहीत. फ्रान्समधल्या मार्से इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांच्या शेपटीवर हिरवा टॅटू काढला आणि मग या रंग गिळलेल्या पेशी मुद्दाम मारून टाकल्या. टॅटू होता तसाच राहिला. मेलेल्या पेशींनी सांडलेला रंग नव्याने आलेल्या पेशींनी उचलला होता. पहारेकरी बदलत राहतात, कैदी तोच.

माझ्या आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन काजळाचं होतं, पण मला आठवतं ते हिरवट-निळसर आणि कडा पसरलेलं. सत्तर वर्षं पेशींच्या हातून हातात जाताना रंग थोडाथोडा सरकतोच. आणि खोलवरचा काळा रंग त्वचेतून बघताना निळसर भासतो. सगळा रंग जागेवर राहतो असंही नाही. काही लसिकाग्रंथींत, म्हणजे काखेत-जांघेत असतात त्या गाठींत, जाऊन साठतो. फ्रान्समधल्याच ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर (अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) २०१७ मध्ये मृत दात्यांच्या ऊतींची तपासणी झाली, तेव्हा लसिकाग्रंथींत टायटॅनियम डायऑक्साइडसकट रंगांचे अतिसूक्ष्म कण सापडले.

थोडक्यात, गोंदण शाईने टिकत नाही, प्रतिकारशक्तीने टिकतं. आणि सोरायसिससारख्या स्वप्रतिरोधी (ऑटोइम्यून) आजारांत, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तेव्हा, नेमकं तिथेच पाणी मुरत असतं. कुंपणच शेत खात असताना आपण त्याच कुंपणाला जन्मभराची आणखी एक राखण सोपवतो.

तरीही "ऑटोइम्यून असेल तर टॅटू नको" असं सरसकट वाक्य मला पटत नाही. आजार कोणता, हे आधी विचारायला हवं. आजार शांत असलेल्या कितीतरी लोकांचे टॅटू काहीही न होता बरे झाले आहेत. टाइप १ मधुमेह हाही स्वप्रतिरोधीच. तो असलेले काहीजण बेशुद्ध पडलो तर कळावं म्हणून मनगटावर आजाराचं नावच गोंदवून घेतात. त्यांनी साखर आटोक्यात असताना जावं, नाहीतर जखम रेंगाळते. ल्युपस या त्वचेपासून सांध्यांपर्यंत कुठेही सूज आणणाऱ्या स्वप्रतिरोधी आजारात ऊन सोसत नाही, तेव्हा उघड्या दंडावरचा ताजा टॅटू ही नसती आफत. अवयवांत बारीक गाठी धरणाऱ्या सार्कॉइडोसिसची तऱ्हा और आहे: वर्षानुवर्षं गुमान असलेला टॅटू अचानक गाठाळतो, आणि कधीकधी आजाराची पहिली खूण तीच असते. सोबत डोळे लाल होऊन दुखायला लागले तर थेट डॉक्टर गाठावा, कारण डोळ्यांच्या आतली सूज दृष्टीवर बेतू शकते.

दुसरा प्रश्न औषधांचा. मेथोट्रेक्सेट, अॅझाथायोप्रिन, स्टेरॉइड, अडॅलिमुमॅबसारखी इंजेक्शनं प्रतिकारशक्तीला लगाम घालतात, म्हणजे जंतूंना मोकळं रान. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये २०११च्या सुमारास १९ जणांच्या टॅटूत क्षयाच्या जंतूंच्या भाऊबंदांपैकी एक, मायकोबॅक्टेरियम किलोनी, शिरला. तो आला होता आधीच पातळ करून विकलेल्या राखाडी शाईतून. सुई निर्जंतुक असली म्हणून भागत नाही. मग जत्रेतल्या गोंदणाचं काय बोलावं! मी पाहिलंय: एकच वाटी, एकच सुई, मधे फडक्याने पुसणं, आणि रांगेत पंधरा पोरं. तिथून कावीळ ब आणि क घरी यायला प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू असावी लागत नाही. भारतात टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करू देत नाहीत, ते उगीच नाही.

याचा अर्थ टॅटूसाठी औषध बंद करायचं असा मात्र अजिबात नाही. हा उद्योग लोक मनानेच करतात आणि आजार उसळला की सांधे धरून बसतात. टॅटूची वेळ डोसांच्या हिशेबात कुठे बसवायची, ते डॉक्टरला ठरवू द्यावं. बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलेली त्वचा कागदासारखी पातळ होते, तिथे शाई फुटते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही आधी सांगायला हवं.

रंगांमध्ये सर्वांत उपद्रवी लाल. पूर्वी त्यात पाऱ्याचं संयुग असे, आता बहुधा अॅझो नावाचे कृत्रिम रंग असतात, तरी खाज आणि सुजेच्या तक्रारी लालच्याच जास्त. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांवर रसायनांवर निर्बंध घातले. "मग काळी मेंदी काढते," असं भाची म्हणाली, तेव्हा डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत अनेकदा केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असतं. त्याने फोड येतात, आणि सोरायसिसवाल्याला फोड म्हणजे पुन्हा इजाच.

त्यांनी नाही म्हटलं नाही. सहा महिने एकही नवा चट्टा उठला नाही तर या, आधी सहज झाकता येईल अशा जागी एक ठिपका काढून महिनाभर बघू, असं ठरलं. चार महिने झालेत. डिझाइनमधलं लाल फूल भाचीने आत्ताच खोडून टाकलंय. उरलंय ते नुसतं काळ्या रेघांचं तुळशीवृंदावन.