कॅमेरा केज

कॅमेरा केज : मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याभोवती बसवायची धातूची चौकट. तिच्यावर जागोजागी आटे पाडलेली भोके, खोबणी आणि पट्ट्या असतात. व्हिडिओ चित्रीकरणासाठी लागणारी मूठ, मॉनिटर, माइक, दिवा, बॅटरी, बिनतारी ट्रान्समीटर ही उपकरणे त्यांवर जोडतात. कॅमेऱ्याला धक्क्यापासून वाचवणे हा केजचा उपयोग सर्वांत आधी सांगितला जातो, प्रत्यक्षात तो दुय्यम आहे. कॅमेरा हातातून सुटला तर बहुधा आधी आदळते ती पुढे आलेली लेन्स, आणि तिला या चौकटीचा काहीच आडोसा नसतो. उपकरणांचा भार कॅमेऱ्याच्या नाजूक भागांवर येऊ न देणे हे केजचे मुख्य काम.

सिनेमाचे कॅमेरे उपकरणे जोडली जाणार हे गृहीत धरूनच घडवले जात. फोटोच्या कॅमेऱ्याला मात्र तळाशी ट्रायपॉडचे एक भोक आणि डोक्यावर फ्लॅश सरकवून बसवायची खाच, म्हणजे हॉट शू, एवढ्या दोनच जागा. २००८ मध्ये निकॉन डी९० आणि कॅनन ५डी मार्क २ या एसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांत व्हिडिओची सोय आली आणि या दोन जागा अपुऱ्या पडू लागल्या. पुढे मिररलेस कॅमेरे आले. त्यांचे शरीर आणखी लहान, काम मात्र आणखी मोठे. २०१४ चा सोनी ए७एस हे याचे चांगले उदाहरण. तो फोर-के चित्र स्वतःच्या कार्डावर नोंदवत नसे, एचडीएमआयमधून बाहेर देत असे. म्हणजे फोर-के हवे तर वेगळा रेकॉर्डर सोबत आलाच, आणि तो कुठे बसवायचा हा प्रश्नही.

हॉट शूवर तो बसवला तर काय होते, हे साध्या हिशेबाने कळते. बॅटरीसह ४०० ग्रॅमचा रेकॉर्डर किंवा मॉनिटर शूपासून १५ सेंटिमीटर बाजूला आला, तर जेमतेम २ सेंटिमीटर रुंदीच्या शूची एक कड सुमारे ३ किलोच्या जोराने उचलली जाते. कॅमेरा घेऊन चालू लागले की प्रत्येक पावलागणिक हा जोर वाढतो. शू वरच्या आवरणाला बारीक स्क्रूंनी धरलेला असतो. तो ढिला होतो किंवा आवरणासकट उचकटतो. केजवरचा कोल्ड शू दिसायला तसाच, पण त्यात विजेची जोडणी नसते आणि तो थेट चौकटीत कोरलेला असतो.

केज स्वतः कॅमेऱ्याला कशी धरते, याकडे मात्र खरेदीच्या वेळी फारसे कोणी पाहत नाही. बहुतेक केज कॅमेऱ्याच्या तळाच्या एकाच स्क्रूवर बसतात. वरच्या मुठीने सगळा संच उचलला की भार शेवटी त्या एका स्क्रूवर येतो, आणि एकाच स्क्रूवर धरलेली वस्तू त्याच्याभोवती फिरू पाहते. म्हणून चांगल्या केजच्या तळाला कॅमेऱ्याच्या कडेला घट्ट टेकणारी उभी धार असते. काहींमध्ये पट्टा अडकवायच्या कडीपाशी किंवा हॉट शूपाशी दुसरा आधार दिलेला असतो. कॅमेरा हाताने पिळून पाहावा. तो केसभरही हलत असेल, तर केजवर दहा भोके आहेत की चाळीस, याला अर्थ नाही.

केज बहुधा ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कोरून काढतात आणि ॲनोडायझिंग करून (विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर चढवून) काळी करतात. ॲल्युमिनियम हलके खरे, पण मऊ. त्यात पोलादी स्क्रू वारंवार पिळले की आटे झिजतात. जास्त वापराच्या भोकांत स्टीलचे आटे बसवून घेतलेले असतील तर केज बराच काळ टिकते.

भोकांची मापे मुख्यतः दोन : पाव इंच व्यास व इंचाला २० आटे, आणि ३/८ इंच व्यास व इंचाला १६ आटे. ट्रायपॉडच्या जोडणीसाठीच्या आयएसओ १२२२ या मानकातही हीच मापे आहेत. सगळे जग मिलिमीटरमध्ये मोजू लागले तरी छायाचित्रणाचा हा कोपरा इंचातच राहिला. उपकरण धरणारा जोडदांडा, म्हणजे हात, नुसत्या स्क्रूवर बसवला तर झटक्याने फिरतो. त्यावर उपाय म्हणून ॲरी या सिनेमा-कॅमेरा कंपनीच्या पद्धतीच्या भोकाशेजारी दोन लहान छिद्रे असतात; उपकरणाच्या दोन खुंट्या त्यांत बसल्या की फिरण्याला वावच उरत नाही. मूठ पटकन काढ-घाल करायची असेल तर नेटो रेल वापरतात. ही पट्टी शस्त्रांवर दुर्बीण वगैरे बसवण्याच्या पट्टीवरून आली आहे. मुठीचा चिमटा ढिला असताना मूठ घसरून बाहेर पडू नये म्हणून पट्टीच्या टोकाला अडसर हवा. तो काढून टाकलेल्या पट्ट्या पुष्कळ दिसतात, आणि हे धोक्याचे आहे.

फॉलो फोकस (लेन्सचा फोकस फिरवण्याचे चाक) आणि मॅट बॉक्स (लेन्सपुढे नको असलेला उजेड अडवणारी पेटी) यांच्यासाठी केजखाली दांड्यांचा तळ लागतो. हलक्या संचात १५ मिलिमीटर जाडीच्या दोन दांड्या असतात. त्यांच्या मध्यांतील अंतर ६० मिलिमीटर, तर लेन्सचा अक्ष दांड्यांच्या मध्यापासून ८५ मिलिमीटर उंच असावा लागतो. तळाची पट्टी या हिशेबाने घेतली नाही, तर मॅट बॉक्स लेन्सच्या खाली किंवा वर जातो आणि तो जुळवण्यासाठी आणखी एक तुकडा विकत घ्यावा लागतो.

लहानशा वाटणाऱ्या जोडांपैकी सर्वांत मोलाचा म्हणजे एचडीएमआय क्लॅम्प. अनेक मिररलेस कॅमेऱ्यांना मायक्रो एचडीएमआयचे भोक असते. सुमारे ६ मिलिमीटर रुंदीत १९ संपर्क. केबलला कोणाचा हात अडकला की हे भोक सैल होते किंवा आतून तुटते, आणि दुरुस्तीत कधीकधी सगळा सर्किट बोर्डच बदलावा लागतो. क्लॅम्प केबलचे टोक चौकटीला आवळून धरतो, त्यामुळे ओढ केजवर येते. मोठी मूठ आधी घेऊन क्लॅम्प नंतरसाठी ठेवणे हा उलटा क्रम आहे. क्लॅम्प निवडताना कॅमेऱ्याचा बाजूला उघडणारा पडदा फिरवून पाहावा. पुष्कळदा तो नेमका केबललाच अडतो.

केजचे तोटेही आहेत. वजन दोन-तीनशे ग्रॅमने वाढते, आणि गिंबलवर (मोटरींनी कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या साधनावर) तेवढ्यानेही तोल नव्याने साधावा लागतो किंवा चौकट मोटरला घासते. अशा वेळी एक बाजू मोकळी असणारी अर्धी केज सोयीची. पंख्याने थंड होणाऱ्या कॅमेऱ्यांत हवेच्या झडपा झाकल्या जाता कामा नयेत. धातूतून बोटांचा आवाज माइकपर्यंत सहज पोचतो, म्हणून माइक रबरी झुल्यात टांगावा. शिवाय मोकळे भोक दिसले की त्यात काहीतरी बसवावेसे वाटते आणि हातात धरायचा कॅमेरा बघता बघता खांद्यावरचे ओझे होतो.

नेमकी बसणारी केज एकाच मॉडेलसाठी असते. नव्या आवृत्तीत एखादे बटण किंवा बॅटरीचे दार थोडे सरकले तरी जुनी केज निरुपयोगी ठरते. मूठ, क्लॅम्प आणि हात मात्र पुढच्या केजवरही चालतात. कॅमेरा बनवणाऱ्यांनीही यातून काही उचलले आहे. २०२१ च्या सोनी एफएक्स३ च्या शरीरातच पाव इंची आटे असलेली भोके आहेत, त्यामुळे हलक्या कामासाठी त्याला केज लागत नाही. दांड्या, मोठी बॅटरी आणि मॅट बॉक्स एकदम लावायचे असतील तर त्यालाही केज घालतात.