पंपावरचं नोझल 'खट्' का करतं?

पेट्रोल भरताना नोझल मध्येच 'खट्' करून थांबलं की आपल्याला पहिला संशय येतो तो मापात पाप केल्याचा. त्यावरून पंपावरच्या पोराशी हुज्जत घालणारे मी सोलापुरात कितीदा तरी पाहिले आहेत. काहींना वाटतं, नोझलच्या टोकाला सेन्सर असतो आणि तोच पेट्रोल बंद करतो. पण या खटक्याला ना बॅटरी लागते, ना चिप. तो चालतो निव्वळ दाबातल्या फरकावर, आणि माझ्या मते रोज हाताशी असलेल्या यंत्रांमध्ये इतकं देखणं यंत्र दुसरं नाही.

मला याचा नाद लागला तो एका मित्राच्या जुन्या जीपमुळे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची टाकी चालकाच्या सीटखालीच असे. पेट्रोल भरायचं तर गादी उचलावी लागे. अमेरिकेतल्या शेव्हरोलेट पिकअपमध्येही 1972 पर्यंत टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे होती. 1973च्या मॉडेलपासून ती चासीच्या बाहेरच्या अंगाला गेली, पण तिथे बाजूने धडक बसली की धोका. म्हणून तिकडचे जुन्या गाड्यांचे हौशी टाकी हौद्याखाली, चासीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये नेतात. मित्राने तेच केलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका वेल्डरकडून टाकी मागे बसवून घेतली आणि भरायचं तोंड मागच्या पत्र्यात काढलं. (मूळ रचनेत असा बदल करण्याआधी आरटीओत विचारावं, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठीच आहे.)

पंपावर गेलो. खट्. पुन्हा दाबलं, अर्धा लिटर गेलं, खट्. टाकी तर रिकामी! पंपवाला म्हणाला गाडीत दोष आहे, मेस्त्री म्हणाला, "नोझलच खराब हाय."

आता रेशनचं रॉकेल आठवा. बाटलीच्या तोंडात नरसाळं घट्ट बसलं की रॉकेल वरच तुंबायचं. आजी नरसाळं बोटभर उचलून धरायची, की गटगट आवाज करत रॉकेल खाली. बाटली रिकामी कधीच नसते, हवेने भरलेली असते. ती बाहेर पडल्याशिवाय रॉकेलला जागा नाही. टाकीचंही तसंच. अमेरिकेत पंपाच्या वेगाला कायद्याने मिनिटाला 10 गॅलन, म्हणजे सुमारे 38 लिटरची मर्यादा आहे. त्या वेगाने पेट्रोल आत जायचं तर तितकीच हवा आणि वाफ त्याच वेळात बाहेर यायला हवी. त्यासाठी टाकीच्या माथ्यावरून भरायच्या तोंडापर्यंत वेगळी बारीक नळी असते.

मग नोझलला कळतं कसं? त्याच्या टोकाशी एक छोटं भोक असतं, पुढच्या वेळी नीट पाहा. तिथून एक बारीक नळी मुठीपर्यंत जाते. मुठीत पेट्रोलची वाट एका जागी अरुंद केलेली असते. अरुंद जागेत प्रवाहाचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब घटतो. बर्नुलीने 1738 मध्ये मांडलेलं तत्त्व ते हेच, आणि अशा अरुंद वाटेला नाव मिळालं ते इटलीच्या वेंचुरीचं. थोडं गणित करू. मिनिटाला 38 लिटर, म्हणजे सेकंदाला 0.63 लिटर पेट्रोल एक चौरस सेंटिमीटरच्या वाटेतून गेलं तर वेग होतो सेकंदाला 6.3 मीटर. घनता घनमीटरला 740 किलो धरून, निम्मी घनता गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे सुमारे 15,000 पास्कल. वातावरणाच्या दाबाचा जवळजवळ सातवा हिस्सा! एवढ्या ओढीने टोकाच्या भोकातून हवा आत येत राहते आणि मुठीतला पातळ पडदा जागेवर राहतो. पेट्रोल भोकापर्यंत चढलं की हवा बंद. पेट्रोल हवेच्या सुमारे 600 पट जड, बारीक नळीतून ते तितक्या चटकन वर येत नाही. पडद्यामागची ओढ एकदम वाढते, पडदा खेचला जातो, त्याला जोडलेली खीळ सुटते आणि झडप बंद होते. खट्.

यात वेगाचा वर्ग येतो, हे विसरू नका. धार निम्मी केली की ओढ चौथाईवर येते, दहाव्या हिश्श्यावर आणली की शंभराव्या. म्हणून अगदी बारीक धारेने भरताना खटका लागेलच असं नाही, आणि पेट्रोल टाकीवरून ओघळतं.

आम्ही जीपखाली सरपटलो. भरायची रबरी नळी अॅक्सलला वळसा घालून जाताना मध्येच खाली लोंबत होती. त्या झोळात पेट्रोल साचून बूच बसत होतं, बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी साचून राहतं तसं. शिवाय हवेची नळी माथ्यावर न जोडता टाकीच्या बाजूला, मध्यावर जोडलेली. टाकी निम्मी भरली की तीही वाट बंद झाली असती. त्या झोळामुळे पेट्रोल नळीतच उलटं चढून नोझलचं भोक झाकत होतं. नोझल चोख काम करत होतं! तोंड चार बोटं वर घेतलं, नळी आखूड करून सलग उतार दिला, हवेची नळी माथ्यावर नेली.

माथ्याशी थोडी हवा कायम राहिलीच पाहिजे. पेट्रोल एका अंशाला हजारात सुमारे 0.95 भाग फुगतं. 50 लिटर पेट्रोल 25 अंशांवरून 45वर गेलं की जवळपास एक लिटर वाढतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43च्या घरात गेला की मोबाइलवर निरोप फिरू लागतात, 'टाकी फुल करू नका, स्फोट होईल'. हे साफ खोटं आहे. टाकीत फुगवट्यासाठी मोकळी जागा मुळातच ठेवलेली असते आणि ऊन कितीही असलं तरी पेट्रोल ठिणगीशिवाय पेटत नाही. खटक्यानंतरही गळ्यापर्यंत भरायचा हट्ट तेवढा सोडावा.

ठिणगीची खरी काळजी वेगळीच. नळीतून वाहताना पेट्रोलमध्ये स्थिर विद्युतभार तयार होतो. कारखान्यातून आलेल्या गाडीत भरायचं तोंड चासीशी धातूने जोडलेलं असतं. जुन्या पिकअपच्या हौद्याला लाकडी फळ्या, त्यात बसवलेलं धातूचं तोंड आणि खाली रबरी नळी, म्हणजे तोंड अधांतरी. भार जायला वाट नाही. जीपमध्येही तोंडाभोवती रबरी वायसर होता आणि खालचा पत्रा रंगवलेला. मित्राने रंग खरवडून तांब्याची वेणीची पट्टी तोंडापासून चासीपर्यंत बोल्टने आवळली, मल्टिमीटर लावला. रोध दाखवणारा काटा शून्याला टेकला, म्हणजे भाराला वाट मिळाली. मग पुन्हा पंपावर गेलो. 28 लिटर गेलं आणि एकदाच खट् झालं.