थंड हवा, तापलेलं बॉनेट आणि एक वर्गमूळ

पुतण्याने गाडीतला एअर फिल्टरचा काळा प्लास्टिकचा डबा काढून टाकला आणि त्याच्या जागी शंकूच्या आकाराचा चकचकीत लाल फिल्टर बसवला. "काका, गाडी आता थंड हवा ओढते. दहा टक्के पॉवर वाढते," तो म्हणाला. खोक्यावरही तसंच छापलेलं होतं. मी बॉनेट उघडलं तर फिल्टर इंजिनाच्या अगदी कुशीत, एग्झॉस्टपासून वीतभर अंतरावर उघडाच बसलेला. पुढच्या जाळीमागून बाहेरची हवा आणणारी नळी जुन्या डब्याबरोबरच निघून गेली होती.

त्याच्या गाडीला मी ओबीडी रीडर जोडला. आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा एक सेन्सर इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे इसीयूला, सतत आकडे पाठवत असतो. ते या रीडरवर वाचता येतात. बाहेर ३१ अंश सेल्सिअस होतं आणि सिग्नलला थांबलेल्या गाडीत हा आकडा ५८ होता. आडातच गरम, तर पोहऱ्यात थंड कुठून येणार?

पण मला छळत राहिला तो दहा टक्क्यांचा दावा. तो नुसता हवेत सोडलेला नाही, शाळेतल्या वायूच्या नियमावरून तो खरोखर काढता येतो. तरीही तो चुकतो, आणि का चुकतो त्यातच सगळी गंमत आहे.

पेट्रोल इंजिन हा मुळात हवेचा पंप आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे त्याला ११ किलो हवा हवी. साध्या हवेत ११ किलो म्हणजे नऊ हजार लिटरांहून जास्त! पेट्रोल वाढवणं सोपं आहे, इंजेक्टर क्षणभर जास्त उघडा ठेवला की झालं. अडतं ते हवेवर. १२०० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरत असेल तर ते सेकंदाला जवळपास ६० लिटर हवा गिळतं. जास्त ताकद हवी तर याच ६० लिटरांत जास्त ऑक्सिजन कोंबायला हवा.

पिस्टन आकारमान मोजून हवा घेतो, वजन मोजून नाही. सिलिंडर भरला की भरला, मग आतली हवा विरळ असो की दाट. दाब तोच असेल तर हवेची घनता निरपेक्ष, म्हणजे केल्विनमध्ये मोजलेल्या, तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ६० अंश सेल्सिअस म्हणजे ३३३ केल्विन आणि २५ अंश म्हणजे २९८ केल्विन. ३३३ भागिले २९८ केलं की १.११७ येतं. म्हणजे ६० अंशांची हवा २५ अंशांवर आणली तर तेवढ्याच जागेत जवळजवळ १२ टक्के जास्त ऑक्सिजन मावतो. दर तीन अंशांना एक टक्का, असा ढोबळ हिशोब. खोक्यावरचे दहा टक्के आले ते इथून.

आता इंजिनाची ताकद मोजणाऱ्या मंडळींकडे वळू. टेस्ट बेंचवर इंजिन कधी थंडीत तपासलं जातं, कधी भर उन्हाळ्यात. ते आकडे एकमेकांशी ताडून बघायचे तर हवामानाचा परिणाम वजा करावा लागतो. त्यासाठी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे१३४९ नावाचं मानक आहे. ते सगळे आकडे २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब या स्थितीला आणून ठेवतं. त्याच्या सूत्रात दाब सरळ येतो. तापमान मात्र वर्गमूळात येतं. १.११७ चं वर्गमूळ १.०५७. बारा टक्क्यांचे जेमतेम सहा उरले!

अर्धा फायदा गेला कुठे?

एक कारण हवेच्या वाटेतच आहे. सिलिंडरच्या तोंडाशी व्हॉल्व्ह असतो. मिनिटाला ६००० फेऱ्यांना तो सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ उघडतो आणि तेवढ्यात सगळी हवा एका अरुंद फटीतून आत शिरायला हवी. तिला आत ढकलतो तो बाहेरच्या आणि आतल्या दाबातला फरक. समजा हा फरक तोच ठेवला आणि हवा दाट केली. आता त्याच रेट्याने जड वस्तू हलवायची आहे, ती सावकाशच हलणार. गतिज ऊर्जेचं सूत्र आठवून पाहा. दाबाचा फरक म्हणजे दर घनमीटर हवेला मिळालेली ऊर्जा, आणि ती अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग एवढी असते. ऊर्जा तीच आणि घनता १.११७ पट झाली, तर वेग १.११७ च्या वर्गमूळाने, म्हणजे १.०५७ पटीने घटतो. सेकंदाला किती किलो हवा आत गेली हे घनता गुणिले वेग यावरून ठरतं. १.११७ भागिले १.०५७ केलं की पुन्हा १.०५७ च येतं. थंड हवा दर लिटरमागे जास्त ऑक्सिजन आणते खरी, पण दर सेकंदाला लिटर कमी आणते. घनतेने एका हाताने दिलेलं वेगाने दुसऱ्या हाताने अर्धं काढून घेतलं.

हाच मुद्दा ध्वनीच्या वेगातूनही मांडता येतो, आणि मला ती मांडणी जास्त आवडते. पिस्टन खाली सरकला ही बातमी नळीतल्या हवेला दाबाच्या लाटेने कळते, आणि ही लाट ध्वनीच्या वेगाने धावते. ६० अंशांच्या हवेत हा वेग सेकंदाला सुमारे ३६६ मीटर असतो, २५ अंशांत ३४६. या दोन वेगांचं गुणोत्तरही १.०५७ च! हा योगायोग नाही. ध्वनीचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमूळाने बदलतो आणि फटीतून वाहणाऱ्या वायूचं सगळं गणित त्याच वेगाला बांधलेलं असतं. थंड हवेत निरोपच उशिरा पोचतो, मग हवा तरी वेळेवर कशी निघणार?

चाणाक्ष वाचक इथे हरकत घेईल. इंजिन सावकाश फिरत असेल तर व्हॉल्व्ह उघडा राहायला भरपूर वेळ मिळतो, हवा आरामात भरते, मग वर्गमूळ कशाला? हरकत रास्त आहे. तिथे दुसरं कारण पुढे येतं, ते म्हणजे उष्णता. सिलिंडर हेडमधली हवेची वाट, व्हॉल्व्हची पाठ, पिस्टनचा माथा, सगळं शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापलेलं असतं. आत येणारी हवा त्यांना घासत येते. हवा जितकी थंड, तितका भिंतींशी तापमानाचा फरक मोठा आणि तितकी जास्त उष्णता ती उचलते. शिवाय इंजिन सावकाश असलं की भिंतींपाशी तिचा मुक्कामही लांबतो. जाळीपाशी कमावलेले अंश दारात पोचेपर्यंत थोडे थोडे गळत जातात. ही दोन कारणं इंजिनाच्या वेगाप्रमाणे कमीजास्त होतात, पण एकत्र धरली तर पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे हवेची झडप पूर्ण उघडी असताना, वर्गमूळाचा हिशोब वास्तवाच्या बराच जवळ बसतो.

सहा टक्के तरी काय वाईट, असं वाटेल. पण हे ३५ अंशांच्या फरकाचे सहा टक्के आहेत. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांत हवेची नळी मुळातच हेडलाइटच्या मागे किंवा पुढच्या जाळीपाशी उघडते. चालत्या गाडीत ती हवा बाहेरच्यापेक्षा थोडेच अंश गरम असते. पाच अंश वाचवले तर वर्गमूळाच्या हिशोबाने एक टक्काही हाती लागत नाही. ८० अश्वशक्तीच्या गाडीत हा फायदा पाऊण अश्वशक्तीहूनही कमी. मागच्या सीटवरचा एक माणूस उतरला तर पिकअपमध्ये याहून जास्त फरक पडेल.

मग गाडी "पळतेय" असं का वाटतं? आवाजामुळे. जुन्या डब्यातली आणि त्याला जोडलेल्या पोकळ कप्प्यांमधली हवा इंजिनाच्या शोषणाचा घुमणारा सूर जिरवते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की सूर निघतो, त्याच तत्त्वाचा हा उलटा उपयोग. डबा काढला की तो सूर मोकळा सुटतो आणि कान पायाला सांगतात, दाब अजून.

अ‍ॅव्हरेज वाढतं, हा दुसरा गैरसमज. तो पहिल्यापेक्षा पक्का रुजलेला आहे. पेट्रोल गाडी ताशी ६० किलोमीटरने सरळ चाललेली असते तेव्हा थ्रॉटलची झडप बहुतांशी मिटलेली असते. म्हणजे इंजिनाला हवा कमी मिळावी, अशी आपण स्वतःच व्यवस्था केलेली असते. हवा थंड असेल तर तेवढीच ताकद मिळवायला झडप आणखी थोडी मिटावी लागते आणि मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यात पिस्टनची मेहनत किंचित वाढते. फायदा शून्य, जमल्यास उणे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या होत्या. आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांत अ‍ॅव्हरेजवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही, पिकअप मात्र मंदावला. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या काळात तर गाडीला मुद्दाम गरम हवा पाजत. एग्झॉस्टभोवती पत्र्याचं आवरण करून तिथली तापलेली हवा फिल्टरकडे वळवलेली असे. गार हवेत पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फसुद्धा धरू शकतो.

थंड हवेची खरी किंमत कळते ती नॉकिंगच्या वेळी. दाबामुळे हवेच्या तापमानात ठरावीक भर पडत नाही, निरपेक्ष तापमान ठरावीक पटीने वाढतं. मिश्रण एक दशांश जागेत दाबलं की ही पट सुमारे सव्वादोन येते. म्हणजे आत येतानाचा ३५ अंशांचा फरक ठिणगी पडायच्या वेळेपर्यंत ७५-८० अंशांचा होतो. एवढ्या तापलेल्या मिश्रणाचा कोपऱ्यातला भाग ज्योत पोचायच्या आधीच आपोआप भडकू शकतो. तोच खडखडाट म्हणजे नॉकिंग. सेन्सरला ते ऐकू आलं की इसीयू ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, ताकद घटते. हे नुकसान वर्गमूळाच्या हिशोबात येत नाही, त्यावर वेगळं भरावं लागतं. टर्बोच्या गाड्यांत, म्हणजे जिथे कंप्रेसर हवा आधीच दाबून इंजिनात सोडतो तिथे, तर हा प्रश्न ऐरणीवर येतो. २५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर आदर्श स्थितीतही ती ९० अंशांवर जाते, आणि खरा कंप्रेसर तिला शंभरीपार नेतो. म्हणून तिथे ही दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर असतो. अशा गाडीत पैसे घालायचेच असतील तर ते चांगल्या इंटरकूलरमध्ये घालावेत. फिल्टरपाशी वाचवलेले दोनचार अंश तिथे पोचेपर्यंत बरेचसे पुसले जातात.

वेगात धावताना हवा आपोआप कोंबली जाते, असंही छातीठोक सांगितलं जातं. ताशी १०० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब साडेचारशे पास्कलच्या आसपास भरतो. वातावरणाचा दाब एक लाखाच्या वर आहे. अर्धा टक्कादेखील नाही. आणि नळीत बसवायच्या त्या पत्र्याच्या भोवऱ्या, पेट्रोलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक? त्यांच्याबद्दल भौतिकशास्त्रात सांगण्यासारखं काही सापडत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त साधनं तपासली, त्यातल्या फारच थोड्यांनी काही फायदा दाखवला आणि तोही नाममात्र. पाकिटावर वैज्ञानिक शब्द छापले म्हणून ताईत विज्ञान होत नाही.

तरीही बदल करायचाच असेल, तर फिल्टर इंजिनापासून वेगळा पडेल असा बंद डबा हवा आणि नळीचं तोंड बॉनेटबाहेरच्या हवेत हवं. नळी धातूची की प्लास्टिकची, यावर मात्र उगाच वाद घातला जातो. पूर्ण थ्रॉटलवर अर्ध्या मीटरची नळी हवा सेकंदाच्या शंभर भागांपैकी साधारण तीन भागांत पार करते. तेवढ्यात ती काय तापणार? हवेचं वस्तुमान मोजणारा सेन्सर नळीत असेल तर तिथला व्यास बदलू नये. तो सेन्सर तापलेली तार हवेने किती गार होते त्यावरून अंदाज बांधतो आणि नळीचा मूळ व्यास गृहीत धरतो. नळी रुंद झाली की त्याला हवा खरीपेक्षा कमी वाटते आणि इंजिनाला पेट्रोल कमी पडतं. तेल लावलेल्या फिल्टरमधलं जास्तीचं तेल या तारेवर बसलं तरी मोजणी बिघडते.

आणि नळीचं तोंड थंडाव्याच्या हव्यासाने बंपरच्या खाली नेऊ नये. साचलेल्या पाण्यातून जाताना तिथून पाणी ओढलं गेलं तर ते सिलिंडरमध्ये पोचतं. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. जुन्या डब्याची नळी आधी वर चढून मग खाली येते, ती याच भीतीने.

पुतण्याने जुना डबा परत बसवला, बराच कुरकुरत. मोकळ्या रस्त्यावर बाहेरच्या आणि आतल्या तापमानातला फरक चार अंशांवर आला. तुमच्या गाडीतही हा आकडा पाहायचा असेल तर एका वेगाने दहा मिनिटं चालवून मग पाहा. उभ्या गाडीत सेन्सर स्वतःच तापतो आणि हवेच्या नावावर स्वतःचंच तापमान सांगत राहतो. म्हणजे माझ्या त्या ५८ मधलेही काही अंश फिल्टरच्या खात्यातून वजा करायला हवेत.