वनराई बंधारा (कोकणातील शालेय श्रमदान)

पावसाळा ओसरल्यावर ओढ्यात, वहाळात किंवा पऱ्ह्यात उरलेले वाहते पाणी अडवण्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून घातलेला हंगामी बांध. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत ग्रामस्थांच्या जोडीने शाळांतील मुले आणि महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे असे बंधारे बांधतात.

या पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार ती मोहन धारिया (जन्म नाते, ता. महाड, १९२५) यांच्या ‘वनराई’ या पर्यावरणविषयक संस्थेच्या कार्यातून, म्हणजे साधारणपणे १९८० नंतर रूढ झाली. दुसऱ्या मतानुसार दगड, माती व झाडपाला यांचा कच्चा बंधारा घालून पाटाने आगराला (नारळी-पोफळीच्या बागेला) आणि वायंगणी भाताला (पावसाळ्यानंतर घेतल्या जाणाऱ्या भातपिकाला) पाणी देण्याची रीत कोकणात त्याहून बरीच जुनी आहे. संस्थेने तिला गोणीचे साहित्य, नाव व प्रसार दिला. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण जागेची निवड, बांधाची वेळ आणि पावसाआधी बांध मोडण्याचा प्रघात दोन्हींत जवळपास सारखाच आहे. पक्क्या चिरेबंदी बंधाऱ्यांची परंपरा वेगळी असून तिचा येथे विचार केलेला नाही.

कोकणात वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडूनही सह्याद्रीचा तीव्र उतार, नद्यांची कमी लांबी आणि सच्छिद्र जांभा यांमुळे पाणी टिकत नाही. म्हणून प्रवाह चालू असतानाच, साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बंधारा घालतात. पात्र अरुंद आणि काठ भक्कम असलेली जागा निवडतात. गोणी काठोकाठ न भरता तोंड सुतळीने शिवतात. गच्च भरलेली गोणी शेजारच्या गोणीला चिकटून बसत नाही आणि फटीतून पाणी झिरपते. विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे चुकवून थर रचतात, दोन रांगांमध्ये चिकणमाती ठासतात आणि मध्यभागी सांडवा (जास्तीचे पाणी वाहून जाण्याची वाट) ठेवतात. वरच्या इयत्तांच्या मुलांकडून प्रवाह मोजून घेता येतो : दहा मीटरच्या सरळ टप्प्यात बुचाचा तुकडा सोडून वेळ टिपायची, येणाऱ्या वेगाला पात्राच्या सरासरी रुंदीने व खोलीने गुणायचे. पृष्ठभागावरचे पाणी तळापेक्षा वेगाने वाहत असल्याने उत्तराला ०·८५ च्या आसपासच्या गुणकाने गुणतात. प्रत्यक्षात गोण्या रचण्याचा दिवस उत्साहाने पार पडतो आणि अशा नोंदी मागे राहतात.

प्लॅस्टिकच्या गोण्या उन्हाने विरतात. मेअखेर त्या काढल्या नाहीत, तर पहिल्या पुरात त्यांचे धागे खाडीत उतरतात. बंधारा बांधण्याइतकेच हे कामही शाळेचे मानावयास हवे. पण ते नेमके उन्हाळी सुटीत येते.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय शालेय शिक्षणात आवश्यक ठरला. महाराष्ट्रात माध्यमिक स्तरावर ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे. खाडीकाठच्या शाळांत भरती-ओहोटीमुळे बंधाऱ्याला वाव नसतो. तेथे कांदळवनाची ओळख व किनारा-स्वच्छता असे उपक्रम होतात.