कार्ट्रिज बसलं म्हणजे गेम चालला असं नाही

निन्टेन्डोच्या २००१ सालच्या गेम बॉय अॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या कन्सोलचं कार्ट्रिज (गेमची डबी) २००४ सालच्या निन्टेन्डो डीएसच्या खालच्या स्लॉटमध्ये बसतं आणि गेम सुरू होतो. १९८९ सालच्या मूळ गेम बॉयचं कार्ट्रिज अॅडव्हान्सवर चालतं, पण डीएसमध्ये शिरतसुद्धा नाही. यामागे कंपनीचा आडमुठेपणा नाही. डीएसमध्ये ते गेम चालवणारा प्रोसेसरच नाही.

अॅडव्हान्समध्ये दोन प्रोसेसर होते: स्वतःच्या गेमसाठी १६.७८ मेगाहर्ट्झचा एआरएम७ आणि जुन्या गेमसाठी गेम बॉयच्याच जातीचा ८-बिटचा. यांतला कोणता जागा करायचा, हे स्लॉटमधला एक इवलासा स्विच ठरवतो. जुन्या कार्ट्रिजचं कवच तो दाबतं. अॅडव्हान्सच्या कार्ट्रिजचा आकार असा असतो, की त्याला धक्का लागत नाही. व्होल्टेजही त्याच स्विचवर बदलतं, जुन्यांना ५ आणि नव्यांना ३.३. म्हणून स्विच दाबलेल्या अवस्थेत अडकला, तर धडधाकट अॅडव्हान्स कार्ट्रिजही सुरू होत नाही आणि दोष उगाच कार्ट्रिजच्या माथी जातो. डीएसमध्ये एआरएम७ राहिला, ८-बिटचा गेला, दोन कन्सोल जोडणाऱ्या लिंक केबलचं पोर्टही गेलं. त्यामुळे डीएसवर अॅडव्हान्सचे गेम एकट्यानेच खेळावे लागतात.

आता पडद्याकडे वळू, कारण खरी कटकट तिथे आहे. अॅडव्हान्सचं चित्र २४० × १६० पिक्सेलचं, डीएसचा पडदा २५६ × १९२ चा. डीएस ते चित्र न ताणता मधोमध दाखवतो आणि भोवती काळी चौकट ठेवतो. चौकट डोळ्यांत खुपते खरी, पण चित्र काटेकोर राहतं. डीएसनंतर आलेला आणि त्याचे गेम चालवणारा थ्रीडीएस नेमकं उलटं करतो. डीएसचं चित्र तो सव्वापट ताणून ३२० × २४० करतो, म्हणजे चार पिक्सेल पाच जागांवर पसरतात. एक पिक्सेल रुंद अक्षराची दांडी मग शेजारच्या रंगात मिसळते आणि सगळा मजकूर धुरकट दिसतो. उपाय फुकट आहे: गेमच्या आयकॉनवर टॅप करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरा आणि गेम सुरू होईपर्यंत सोडू नका. चित्र लहान दिसेल, पण सुरीसारखं स्वच्छ.

इम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवणारा नवा कन्सोल निवडतानाही हाच हिशोब करा. अॅडव्हान्ससाठी ७२० × ४८० चा पडदा उत्तम, कारण चित्र बरोबर तिप्पट होतं. ६४० × ४८० वर तेच २.६७ पट होतं. काही पिक्सेल दोन ठिपक्यांचे, काही तीनचे, आणि पार्श्वभूमी सरकू लागली की ती लहरताना दिसते. सेटिंगमध्ये ‘इंटीजर स्केल’ (चित्र फक्त पूर्ण पटीतच मोठं करणारा पर्याय) चालू केलं की लहरणं थांबतं. जुनी कार्ट्रिज चालवणाऱ्या अॅनालॉग पॉकेट या नव्या कन्सोलचा पडदा १६०० × १४४० चा आहे, म्हणजे १६० × १४४ च्या गेम बॉयच्या बरोबर दहापट.

एक बारीक झटका तरीही उरतो. गेम बॉय आणि अॅडव्हान्स सेकंदाला ५९.७३ चित्रं दाखवत, आजचे बहुतेक पडदे ६०. मूळ वेग जपला तर दर पावणेचार सेकंदांच्या आसपास एक चित्र दोनदा दिसतं. बरेच इम्युलेटर गेमच किंचित, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने, जास्त वेगाने पळवतात. संगीताची पट्टी किंचित चढते, पण कानाला कळत नाही. हाच पर्याय बरा.

अस्सल कार्ट्रिज वापरणार असाल तर आधी पितळी दिसणारे संपर्कबिंदू पुसा. कापसाची काडी, ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पाच मिनिटं वाळू द्या. तोंडाने फुंकू नका. थुंकीतल्या ओलाव्याने धातू गंजतो. सॅंडपेपर तर नकोच, वरचा सोन्याचा पातळ थर निघून जातो.

सेव्ह (गेममधली साठवलेली प्रगती) टिकत नसेल, तर बहुधा आतला ३ व्होल्टचा बटण सेल संपलेला असतो. तो बदलायला गेम बॉयचं कार्ट्रिज उघडताना ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो, अॅडव्हान्सच्या कार्ट्रिजला तीन पात्यांचा स्क्रूड्रायव्हर. सेल पत्र्याच्या पट्ट्यांनी डागलेला असतो, तेव्हा पट्ट्या लावलेलाच नवा घ्या; साध्या सेलवर थेट डाग देऊ नका, उष्णतेने तो फुगू किंवा फुटू शकतो. जुना सेल काढताक्षणी त्याच्या जोरावर टिकलेली सेव्ह पुसली जाते, त्यामुळे तिची प्रत कार्ट्रिज रीडरने (कार्ट्रिजमधला डेटा संगणकावर घेणाऱ्या उपकरणाने) आधीच काढून ठेवा.